बोटीच्या इंजिनाचा अलार्म : कधी वाजावा, कधी गप्प बसावा

चारचाकीची किल्ली फिरवली की इंजिन सुरू होण्याआधी डॅशबोर्डवर तेलाच्या किटलीचा लाल दिवा लागतो आणि इंजिन सुरू झालं की क्षणात विझतो. हे आपण सगळ्यांनी शेकडो वेळा पाहिलंय. पण इंजिन बंद असताना तो दिवा मुळात लागतोच कशाला, असं व्हायव्हाला विचारलं तर निम्मा वर्ग बुटांकडे बघेल. उत्तर सोपं आहे. ऑइल प्रेशरचा स्विच प्रेशर नसताना जोडलेला असतो आणि प्रेशर आलं की उघडतो. इंजिन बंद म्हणजे प्रेशर शून्य, म्हणून दिवा लागलाच पाहिजे. तो लागला म्हणजे बल्ब ठीक, वायर ठीक, स्विच ठीक. अलार्मची ही रोजची परीक्षा आहे आणि ती कोणी न सांगता आपोआप होते.

मित्रांनो, लेखाचा विषय मात्र गाडी नाही, बोट आहे. शिडाच्या नौका, मोटरबोटी, छोट्या कामाच्या बोटी यांच्यावर आता दिवे आणि काट्यांच्या जोडीला एक इलेक्ट्रॉनिक नेटवर्क असतं. इंजिनाची सगळी माहिती त्यावरून फिरते आणि अलार्म कधी वाजवायचा हे आपण स्क्रीनवर आकडे भरून ठरवू शकतो. सोय मोठी आहे. पण गाडीच्या दिव्यात जी परीक्षा फुकट मिळत होती, ती इथे मिळत नाही. ती आपल्यालाच रचावी लागते. शिवाय रस्त्यावर दिवा लागला तर गाडी बाजूला घेता येते. बोटीचं इंजिन खडकाजवळ, भरतीच्या ओढीत किंवा बंदराच्या तोंडाशी बंद पडलं तर बाजूला घ्यायला जागाच नसते. म्हणून अलार्म इंजिन बसायच्या आधी वाजला पाहिजे, आणि वाजला की माणसाने त्यावर विश्वास ठेवला पाहिजे. दोन्ही गोष्टी आकडे भरतानाच ठरतात.

आधी नेटवर्क समजून घेऊ. त्याचं नाव एनएमईए २०००. अमेरिकेतल्या नॅशनल मरीन इलेक्ट्रॉनिक्स असोसिएशन या संस्थेचं हे मानक. त्याच्या पोटात आहे आपल्या ओळखीची कॅन बस, बॉश कंपनीने गाड्यांसाठी तयार करून १९८६ साली जाहीर केलेली. वेग सेकंदाला अडीच लाख बिट. ट्रक-ट्रॅक्टरच्या जे-१९३९ शी याचं जवळचं नातं आहे, त्यामुळे ऑटोमोबाइलवाल्यांना हे घरचंच वाटेल. बोटीच्या लांबीभर एक मुख्य केबल जाते, तिला बॅकबोन म्हणतात. तिच्यावर टी-जोड लावून प्रत्येक उपकरणाला फाटा दिलेला असतो. फाटा जास्तीत जास्त ६ मीटरचा. बॅकबोनच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक टर्मिनेटर. पॉवर बंद करून दोन सिग्नल वायरींमध्ये मल्टिमीटर लावला तर ६० ओहमच्या आसपास दिसलं पाहिजे, कारण दोन १२० समांतर. १२० दिसलं तर एक टर्मिनेटर गायब आहे. ४० दिसलं तर कुणीतरी उत्साहात तिसरा लावलाय. अलार्मचे आकडे भरायला बसण्याआधी हे एक मोजमाप करून घ्यावं. नेटवर्कच आजारी असेल तर पुढचं सगळं व्यर्थ.

या केबलवर प्रत्येक प्रकारच्या माहितीचा ठरलेला क्रमांकाचा संदेश असतो. इंजिनासाठी दोन महत्त्वाचे. १२७४८८ हा वेगवान संदेश दर ०.१ सेकंदाला येतो, त्यात आरपीएम असतो. १२७४८९ दर अर्ध्या सेकंदाला येतो आणि त्यात बाकीचा सगळा संसार असतो : ऑइल प्रेशर, ऑइलचं तापमान, कूलंटचं तापमान, अल्टरनेटरचा व्होल्टेज, इंधनाचा खप, इंजिनाचे एकूण तास. हा संदेश २६ बाइटचा आणि कॅनच्या एका फ्रेममध्ये मावतात जेमतेम ८ बाइट, म्हणून तो चार तुकड्यांत जातो आणि पलीकडे जोडला जातो. कूलंटचं तापमान केल्विनच्या शंभराव्या भागात पाठवतात. म्हणजे कूलंट ८५ अंश सेल्सियस असेल तर ३५८.१५ केल्विन, आणि केबलवरून जातो ३५८१५ हा आकडा. सेन्सर जोडलेलाच नसेल तर सगळे बिट १ पाठवायचे असा संकेत आहे. एखाद्या घरगुती प्रोग्रामने हा संकेत पाळला नाही तर तो ६५५३५ हे खरं तापमान समजतो आणि स्क्रीनवर ३८२ अंश दाखवतो. असं दिसलं तर आग विझवायला धावू नका, आधी सेन्सरची वायर बघा.

याच संदेशाच्या शेवटाकडे एक गंमत आहे. तिथे एकेका बिटाचे झेंडे असतात : तापमान जास्त, ऑइल प्रेशर कमी, कूलंटची पातळी कमी, डिझेलमध्ये पाणी, चार्जिंग नाही, इंजिन तपासा वगैरे. हे झेंडे इंजिनाचा स्वतःचा कंट्रोलर वर-खाली करतो. म्हणजे बोटीवर दोन वेगवेगळ्या प्रकारचे अलार्म एकाच वेळी नांदत असतात. एक, इंजिन स्वतः ओरडतं तो. दुसरा, डिस्प्ले आकडा वाचतो, आपण भरलेल्या मर्यादेशी ताडतो आणि मग वाजवतो तो. पहिल्याची मर्यादा इंजिन बनवणाऱ्याने ठरवलेली असते, तिला आपण हात लावत नाही. दुसरी सर्वस्वी आपली. या दोहोंत गल्लत करणारे लोक पुष्कळ. डिस्प्लेवरचा अलार्म बंद केला म्हणजे इंजिनाची तक्रार बंद झाली असं नसतं. उलट काही इंजिनं आपले दोष फक्त स्वतःच्या खाजगी संदेशात पाठवतात आणि दुसऱ्या कंपनीच्या डिस्प्लेला ते कळतच नाहीत. तिथे इंजिन ओरडत असतं आणि डिस्प्ले ढिम्म असतो.

जुन्या इंजिनाला कंट्रोलरच नसतो. तिथे काट्याच्या गेजचे सेन्सर घेऊन त्यांचा रेझिस्टन्स नेटवर्कच्या भाषेत आणणारा एक डबा बसवतात. इथे एक खड्डा आहे. अमेरिकन पद्धतीचे सेन्सर शून्याला २४० ओहम आणि पूर्ण मापाला ३३ ओहम दाखवतात. युरोपीय पद्धतीचे शून्याला १० आणि पूर्णाला १८०. दिशाच उलटी! डब्यात चुकीचा प्रकार निवडला तर बंद इंजिनाचं ऑइल प्रेशर भरभक्कम दिसतं आणि प्रेशर वाढेल तसा आकडा उतरतो. अशा आकड्यावर कितीही काळजीपूर्वक मर्यादा लावली तरी उपयोग शून्य.

आता मर्यादा. समजा एक शिडाची बोट आहे, चार सिलिंडरचं डिझेल इंजिन, समुद्राच्या पाण्यावर हीट एक्स्चेंजरने थंड होणारं. बहुतेक जण मॅन्युअल उघडतात, कमाल तापमान बघतात, तो आकडा भरतात आणि मोकळे होतात. माझ्या मते ही सुरुवातच उलटी आहे. आधी इंजिन निरोगी असताना काय दाखवतं ते वहीत लिहावं : आयडलला, मध्यम वेगाला, पूर्ण जोरात, गार असताना आणि दोन तास चालल्यावर. समजा कूलंट नेहमी ७८ ते ८२ अंशांत राहतो आणि कारखान्याचा स्वतःचा अलार्म ९८ ला आहे. मग आपला इशारा ८८ ला ठेवण्यात अर्थ आहे. इंजिन ९८ ला ओरडेल तेव्हा थ्रॉटल कमी करण्यापलीकडे फारसं काही हातात उरलेलं नसतं. ८८ ला कळलं तर बंदर किती दूर, शीड चढवता येईल का, पाण्याच्या गाळणीत कचरा अडकलाय का, हे बघायला वेळ मिळतो. आपल्या अलार्मचं काम इंजिनाच्या अलार्मच्या आधी बोलण्याचं आहे. त्याचाच आकडा पुन्हा भरला तर डिस्प्ले नुसता प्रतिध्वनी.

ऑइल प्रेशर याहून अवघड. समजा आयडलला, इंजिन तापलेलं असताना, प्रेशर १.२ बार आणि क्रूझिंगला ३.५ बार. एकच मर्यादा भरायची तर ती १.२ च्या खाली, म्हणजे ०.८ वगैरे ठेवावी लागते, नाहीतर प्रत्येक वेळी धक्क्याला लागताना बोंब. पण मग क्रूझिंगला प्रेशर ३.५ वरून १.५ वर आलं, म्हणजे काहीतरी गंभीर बिघडलं, तरी अलार्म शांतच. खरी मर्यादा आरपीएमवर अवलंबून हवी : १८०० च्या वर २.२ बार, खाली ०.८. अनेक डिस्प्ले एवढं लवचिक नसतात. तिथे छोटा कॉम्प्युटर मध्ये घालून ही अट त्यात लिहिता येते. सिग्नल के नावाचा मुक्त-स्रोत सर्व्हर याच कामाचा आहे, साध्या रास्पबेरी पायवर चालतो. फक्त त्याच्या एककांची सवय करावी लागते. तिथे तापमान केल्विनमध्ये, प्रेशर पास्कलमध्ये आणि आरपीएम हर्ट्झमध्ये. ३००० आरपीएम म्हणजे ५०, १ बार म्हणजे १,००,०००. कुणी कूलंटची वरची मर्यादा सरळ ९५ भरली तर ती ९५ केल्विन होते, उणे १७८ अंश, आणि अलार्म पहिल्या सेकंदापासून वाजत सुटतो. ही चूक लगेच सापडते. पण ऑइल प्रेशरची खालची मर्यादा कुणी १ भरली, तर ती १ पास्कल. इंजिनातलं ऑइल जवळजवळ संपलं तरी तो अलार्म वाजणार नाही, आणि स्क्रीनवर मात्र 'अलार्म चालू' असं ऐटीत लिहिलेलं राहील.

इंजिन बंद असताना ऑइल प्रेशर शून्यच असणार. म्हणून 'आरपीएम ५०० च्या वर असेल तरच' ही अट हवी, आणि सुरू झाल्यावर दहाएक सेकंदांची सवड. त्याखेरीज दोन गोष्टी : विलंब आणि परतीचं अंतर. लाटेत बोट कलंडते, ऑइल संपमध्ये हिंदकळतं, आकडा क्षणभर घसरतो. म्हणून मर्यादा ओलांडल्यावर काही सेकंद ती स्थिती टिकली तरच वाजव असं सांगायचं. कूलंटला दहा-पंधरा सेकंद चालतील. ऑइल प्रेशरला दोन-तीनच, कारण बेअरिंगांना तेवढाही धीर नसतो. परतीचं अंतर म्हणजे कंट्रोल सिस्टिम्समध्ये शिकलेलं आपलं हिस्टेरेसिस : ८८ ला वाजला तर ८४ ला उतरल्यावरच बंद हो. नाहीतर ८७.९ आणि ८८.१ च्या मध्ये तापमान लटकलं की टीं-टीं-टीं... हॉस्टेलमध्ये दर पाच मिनिटांनी स्नूझ होणारा पार्टनरचा मोबाइल ज्याने सोसलाय त्याला जास्त सांगायला नको. चौथ्या वेळी आपण तो ऐकतच नाही.

ही थट्टेची गोष्ट वाटत असेल तर २३ मार्च २०१९ चा नॉर्वेच्या किनाऱ्याजवळचा प्रसंग पाहा. 'वायकिंग स्काय' हे प्रवासी जहाज, माणसं तेराशेच्या वर, वादळी समुद्र आणि खडकांनी भरलेला हुस्टाडविका हा टापू. दुपारी दोनच्या सुमारास चालू असलेले डिझेल जनरेटर बंद पडले आणि जहाजाची सगळी वीज व प्रॉपल्शन गेलं. जहाज वाऱ्याबरोबर खडकांकडे सरकू लागलं. ४७९ जणांना हेलिकॉप्टरने उचलावं लागलं. जहाज थोडक्यात वाचलं. चौकशीत कळलं की इंजिनांच्या संपमध्ये वंगणतेल हवं त्यापेक्षा बरंच कमी होतं, आणि जहाजाच्या डुलण्यात ते प्रेशर टिकवू शकलं नाही. अलार्म नव्हता का? होता. त्या सकाळी पहाटे पाच ते नऊच्या दरम्यान चालू जनरेटरांच्या तेलाबद्दल १८ अलार्म नोंदले गेले होते. प्रत्येक अलार्म स्वीकारला गेला आणि थोड्याच वेळात मिटला. लाटेबरोबर तेल हललं की वाजायचा, परत आलं की थांबायचा. मी त्या इंजिनरूममध्ये नव्हतो, त्यामुळे तिथल्या लोकांना नावं ठेवण्याचा मला अधिकार नाही. पण येऊन-जाऊन राहणारा अलार्म कसा दिसतो ते लक्षात घ्या. तो 'लाटेमुळे होतंय' असाच दिसतो. म्हणून नुसता विलंब वाढवून असे अलार्म गप्प करणं धोक्याचं आहे. त्याच्या जोडीला मोजणी हवी : एका तासात तीनदा मर्यादा ओलांडली तर, प्रत्येक वेळी क्षणभरच का असेना, वेगळा आणि न मिटणारा इशारा दे. सिग्नल के सारख्या व्यवस्थेत हे चार ओळींचं काम आहे.

आता समुद्राच्या पाण्याबद्दल, कारण छोट्या बोटींच्या इंजिनांचा घात बहुधा इथेच होतो. समुद्राचं पाणी रबरी पात्यांच्या इंपेलरने ओढलं जातं, हीट एक्स्चेंजरमधून जातं आणि शेवटी एक्झॉस्टच्या वायूत मिसळून बाहेर पडतं. त्या पाण्यामुळे एक्झॉस्ट इतका थंड राहतो की पुढे चक्क रबरी होज वापरतात. प्लॅस्टिकची पिशवी तोंडाशी चिकटली किंवा इंपेलरची पाती तुटली की पाणी थांबतं. मग आधी तापतो एक्झॉस्ट. कूलंटचा आकडा मागाहून चढतो, कारण त्याच्याभोवती शे-दोनशे किलो लोखंड असतं आणि तेवढं तापायला वेळ लागतो. म्हणजे फक्त कूलंटवर अलार्म ठेवला तर तो वाजेपर्यंत होज भाजून निघालेला असतो. उपाय स्वस्त आहे : पाणी मिसळण्याच्या जागेनंतर लगेच होजवर एक तापमानाचा सेन्सर बांधायचा आणि तो नेटवर्कवर आणायचा. मर्यादा पुन्हा वहीतूनच. नेहमीच्या कमाल आकड्यावर पंधरा-वीस अंश. बोटीवर एकच नवा अलार्म लावायची परवानगी मिळाली तर मी हा लावेन. कूलंटच्या सेन्सरबद्दल आणखी एक : कूलंटच गळून गेला तर सेन्सर कोरडा पडतो आणि इंजिन भाजत असताना आकडा चक्क कमी दाखवू शकतो. म्हणून चालत्या इंजिनाला कूलंटची खालची मर्यादाही द्यावी. तापल्यानंतर तापमान एकदम ६० च्या खाली आलं तर ते सुचिन्ह नव्हे.

हाच प्रश्न पुढे नेला की नेटवर्कच्या अलार्मची सगळ्यात मोठी फट दिसते. समजा इंजिनाजवळचा गेटवे मेला किंवा त्याचा फाटा निघाला. डिस्प्लेवर आकड्यांच्या जागी रेघा येतात. अलार्म? वाजत नाही. कारण प्रोग्राम विचारतो, 'आकडा मर्यादेपेक्षा कमी आहे का?' आणि आकडाच नसेल तर उत्तर 'नाही'. म्हणून 'इंजिन सुरू होतं आणि आता पाच सेकंद संदेशच आला नाही' हा स्वतंत्र अलार्म हवाच हवा. काही डिस्प्लेंवर तो सेटिंगमध्ये असतो पण मुळात बंद ठेवलेला, तो शोधून चालू करावा. नसेल तर मधल्या कॉम्प्युटरवर लिहावा. दोन इंजिनं असतील तर आणखी एक तपासणी : डाव्याचा क्रमांक ० आणि उजव्याचा १ दिलेला आहे ना? दोन्ही ० राहिले तर डिस्प्लेवर एकाच जागी दोघांचे आकडे आळीपाळीने उड्या मारतात, आणि विलंब लावलेला असेल तर आजारी इंजिनाचा अलार्म निरोग्याच्या आकड्यांमुळे वाजतच नाही.

वाजण्याचा प्रश्न उरला. डिस्प्लेमधला चिमुकला बीपर डिझेलच्या आवाजात आणि वाऱ्यात कोणाला ऐकू जाणार? कोकणातला तांडेल इंजिनाचा आवाज किंचित बदलला तरी मान वळवतो, पण त्याचा कान वर्षानुवर्षं त्या एकाच आवाजावर तयार झालेला असतो. सुट्टीत बोट चालवणाऱ्याकडे तो नसतो. म्हणून रिलेवर चालणारा मोठा बझर, सुकाणूजवळ. तोही फक्त ज्यावर तत्काळ हात हलवावा लागेल अशाच गोष्टींसाठी : ऑइल प्रेशर, एक्झॉस्ट, कूलंट, माहिती बंद पडणं. चार्जिंगचा व्होल्टेज १३ च्या खाली गेला तर स्क्रीनवर पिवळी पट्टी पुरे. सर्व्हिसिंगचे तास भरले याला तर आवाजच नको. एनएमईए २००० मध्ये अलार्मसाठी १२६९८३ पासून सुरू होणारे स्वतंत्र संदेश आहेत, त्यामुळे एका स्क्रीनवर स्वीकारलेला अलार्म दुसऱ्या स्क्रीनवरही शांत होऊ शकतो. पण सगळीच उपकरणं ते पाळतात असं नाही, करून पाहूनच समजतं. आणि इंजिनाच्या मूळ पॅनेलवरचा थेट वायरीचा बझर कधीही काढू नये. नवा डिस्प्ले बसवताना 'आता याची काय गरज' म्हणून जुनं पॅनेल काढून टाकणारे भेटतात. नेटवर्कचा फ्यूज उडाला तर तेवढंच एक बोलणारं उरतं.

परीक्षा कशी घ्यायची? सीकॉक, म्हणजे समुद्राचं पाणी आत घेणारा व्हॉल्व्ह, बंद करून 'बघू या वाजतो का' हा प्रयोग कृपया नको, इंपेलर कोरडा फिरून फाटेल. त्यापेक्षा मर्यादाच हलवावी. कूलंट ८० वर स्थिर असताना मर्यादा ७५ करा, बझर वाजतो का ऐका, परत ८८ करा आणि परत केल्याचं वहीत लिहा. माहिती बंद पडण्याच्या अलार्मसाठी धक्क्याला बांधलेल्या बोटीवर आयडलला गेटवेचा फाटा सोडवा. जुन्या सेन्सरच्या जागी रेझिस्टरची पेटी लावूनही सगळी मर्यादा तपासता येते, इंजिन सुरू न करता.

बोट नसली तरी यातलं बरंचसं आपल्या लॅबच्या टेबलावर जमतं. ईएसपी-३२ या चिपमध्ये कॅन कंट्रोलर आतच असतो, बाहेरून फक्त ट्रान्सीव्हर लावावा लागतो. अशा दोन पाट्या, वळवलेल्या वायरींची जोडी, दोन टोकांना १२० ओहम. एका पाटीने खोटं इंजिन व्हायचं : पोटेन्शियोमीटर फिरवून प्रेशर आणि तापमान बदलायचं. दुसरीने अलार्म. संदेशांची रचना कॅनबोट या मुक्त प्रकल्पाने प्रत्यक्ष नेटवर्कवरची रहदारी वाचून उलगडली आहे, त्यामुळे विकतचं मानक घ्यायला नको. मिनी प्रोजेक्टला हा विषय घेणाऱ्यांनी एक करून पाहावं : प्रात्यक्षिक चालू असताना परीक्षकांना खोट्या इंजिनाची वायर उपटायला सांगा, आणि तुमची दुसरी पाटी किती सेकंदांनी वाजते ते त्यांच्याच घड्याळावर मोजा.